तिसरा परिच्छेद

पत्रातला तिसरा परिच्छेद माझ्याकडे असायचा. पहिला एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे. त्यात महामहिम राष्ट्राध्यक्षांना वंदन आणि आम्ही कोण, कुठले. दुसरा एका तरुण वकिलाकडे. त्यात करार, कलमं, तारखा. तिसऱ्यात औषधं. मी गोथेनबर्गमधल्या एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होते. त्यामुळे 2009 च्या वसंतात मी पहिल्यांदाच एका ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बसले, तेव्हा कुणीतरी माझ्याकडे कागद सरकवला आणि म्हणालं, "मधुमेहाच्या माणसाला तुरुंगात कमीत कमी काय मिळायला हवं, तेवढं लिहून दे."

सोपं काम होतं. दुकानात दिवसातून वीस वेळा हेच सांगत असे. पेन उघडलं आणि अडले. इन्सुलिन चालू आहे की गोळ्या? शेवटची साखर कधी तपासली? किती निघाली? पायाला जखम वगैरे? डोळे? मी एकेक प्रश्न विचारत गेले, आणि टेबलाभोवतीची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. हे माहीत असणारे लोक होते, पण ते सगळे एरिट्रियाच्या राजधानीत, अस्मारात होते आणि तो माणूस आपल्याकडे आहे एवढंही धड सांगत नव्हते.

दावित इसाक. जन्म 1964 चा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. म्हणून मी मनात त्याला 'तो'च म्हणते. एरिट्रियाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, 1987 मध्ये, तो स्वीडनला आला. इथे झाडलोटीची कामं केली, 1992 मध्ये इथला नागरिक झाला. पुढच्याच वर्षी एरिट्रिया स्वतंत्र झाला आणि इतर अनेकांसारखा तोही परत गेला. तिथे 'सेतित' नावाच्या वर्तमानपत्रात तो भागीदार आणि लेखक झाला. तिग्रिन्या भाषेत नाटकं लिहायचा, कथा लिहायचा. मे 2001 मध्ये सत्ताधारी पक्षातल्याच पंधरा वरिष्ठ नेत्यांनी राष्ट्राध्यक्ष इसायास अफवेर्की यांना उघड पत्र लिहिलं. संविधान 1997 मध्येच मंजूर झालंय, ते लागू करा, निवडणुका घ्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. स्वतंत्र वर्तमानपत्रांनी ही चर्चा छापली. 18 सप्टेंबर 2001 ला सगळी स्वतंत्र वर्तमानपत्रं बंद झाली, पंधरापैकी अकरा नेते आत गेले. 23 सप्टेंबरला दावितला घरातून नेलं. न्यूयॉर्कचे मनोरे पडून दोन आठवडेही झाले नव्हते. सगळ्या जगाचं तोंड तिकडे होतं.

आरोपपत्र नाही, खटला नाही, वकील नाही, भेट नाही. नोव्हेंबर 2005 मध्ये अचानक सोडलं, गोथेनबर्गला घरी त्याचा फोन आला, आणि दोन दिवसांत पुन्हा आत. त्यानंतर त्याचा आवाज कुणी ऐकलेला नाही.

मी गेले त्या वसंतात इथल्या चार मोठ्या दैनिकांनी एकत्र येऊन मोहीम काढली होती. दोन लाखांहून जास्त सह्या जमल्या, स्टॉकहोममधल्या एरिट्रियाच्या वकिलातीकडे गेल्या. आमच्या दुकानातल्या बायकांनीही जेवणाच्या सुट्टीत सही केली होती. माझीही एक होती. सही करून दोन मिनिटांत मोकळं होता येतं, हे मला त्या दिवशी जरा खटकलं, म्हणून ग्रंथालयात गेले. महिन्यातला एक मंगळवार एवढंच काम.

पत्रं इंग्रजीत जायची आणि पहिल्या ओळीलाच आमच्या स्वीडिश मंडळींच्या पोटात गोळा यायचा. या देशात साठीच्या दशकाच्या अखेरीस सगळ्यांनी सगळ्यांना 'तू' म्हणायचं ठरवून टाकलं. डॉक्टरला तू, मालकाला तू, पंतप्रधानांना तू. अशा माणसांना 'महामहिम' लिहायला लावायचं, आणि तेही ज्याने आपल्या गावच्या माणसाला गायब केलंय त्याला! शिक्षिकाबाई म्हणायच्या, "माझा हातच वळत नाही." मला मात्र काही वाटायचं नाही. मी 'तीर्थरूप'पासून 'कृ. सा. न. वि. वि.'पर्यंत सगळं घोटून आलेली. ज्याच्याशी बोलणं बंद आहे अशा काकांनाही आमच्याकडे शिरसाष्टांग नमस्कार लिहिला जायचा, आणि मग खाली हिशेबाचं पत्र. आदर हा कागदाचा असतो, माणसाचा असेलच असं नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या आणि पुढच्या महिन्यापासून 'महामहिम' माझ्या अक्षरात जाऊ लागलं.

पण मला हे सोपं जाण्याचं खरं कारण दुसरं होतं, ते मी त्यांना बऱ्याच उशिरा सांगितलं.

1975 मध्ये मी चौदा वर्षांची होते. आमचे नाना हायस्कुलात मास्तर, सेवादलातले. आणीबाणी आल्यावर पंधराएक दिवसांत त्यांना मिसा या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली नेलं. मिसाबंदी हा शब्द मग आमच्या घराला चिकटला. दूधवाला उसनं द्यायला कचरू लागला, शेजारच्या काकूंनी वाटीची देवाणघेवाण थांबवली, तर गावातल्या ज्यांच्याशी आमचं कधी पटलं नव्हतं त्या शाखेतल्या एका कुटुंबाने तांदळाचं पोतं पाठवलं. नानांना दम्याचा त्रास. तेव्हा दम्यावर इफेड्रिन आणि थिओफिलिनच्या गोळ्या असत. मी फार्मसीला का गेले, असं कुणी विचारलं तर मला त्या गोळ्यांची काचेची बाटली आठवते.

आईने तुरुंगाच्या अधीक्षकांना अर्ज लिहिला. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण अक्षर मोत्यासारखं. कार्बन लावून लिहिला आणि दुसरी प्रत ठेवून दिली. ती आज माझ्याकडे आहे. 'माझे यजमान दम्याचे जुने रुग्ण असून पावसाळ्यात त्यांना रात्री बसून काढावी लागते. सोबत औषध पाठवीत आहे. ते त्यांस पोचावे व पोचल्याची पोच मिळावी, ही नम्र विनंती.' एवढंच. माझा मामा म्हणाला होता, अक्का, त्यातच लिहून टाक ना, सोडा म्हणून. पुष्कळ जण हमीपत्र देऊन सुटताहेत. आई म्हणाली, "सुटका ते मागतील किंवा नाही मागणार, ते त्यांचं. औषध मी मागणार. ते माझं आहे."

दहा दिवसांनी उत्तर आलं. जावक क्रमांक, तारीख, शिक्का, आणि खाली 'औषध मिळाले' असं लिहून नानांची सही. आईने ती सही किती वेळा पाहिली असेल! सहीतला 'कु' नेहमीसारखा वळलेला आहे, म्हणजे हात थरथरत नाही, म्हणजे धाप नाही, असं तिचं निदान. कागदाच्या तळाच्या दोन शब्दांवर आमच्या घरी त्या दिवशी गोडाचा शिरा झाला.

हे मी ग्रंथालयात सांगितलं ते एका भांडणाच्या निमित्ताने. आमच्या गटात एक विद्यार्थी यायचा, गरम डोक्याचा, मला आवडायचा. तो एके दिवशी म्हणाला, आपण इन्सुलिन मागतो, डॉक्टर मागतो, घरच्यांना पत्र लिहू द्या म्हणतो. म्हणजे त्याला डांबून ठेवणं आपण मान्यच केलं की! उद्या त्यांनी त्याला मऊ गादी दिली तर आपण आभार मानणार का? एकच वाक्य लिहा, सोडा त्याला.

'सोडा' हे वाक्य आमच्या प्रत्येक पत्रात असायचंच, चौथ्या परिच्छेदात. त्याचा मुद्दा तिसऱ्याबद्दल होता, म्हणजे माझ्याबद्दल. आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. वकिलाने त्याला नियम सांगायचा प्रयत्न केला. कैद्यांना वागवण्याचे किमान नियम संयुक्त राष्ट्रांनी 1955 मध्येच केले. पुढे 2015 मध्ये ते सुधारले, त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव मिळालं, आणि त्यांत सलग पंधरा दिवसांहून जास्त एकांतवास देऊ नये असं स्पष्ट आलं. तोवर दावित आत जाऊन पाच हजारांहून जास्त दिवस झाले होते. पण त्या संध्याकाळी नियमांनी काही झालं नाही. मग मी आईचा अर्ज सांगितला.

मला म्हणायचं होतं ते असं. 'सोडा' म्हटलं की समोरचा 'नाही' म्हणू शकतो, आणि 'नाही' म्हणून तो मोकळा होतो. औषध पाठवलं आणि पोच मागितली, की त्याला आधी कबूल करावं लागतं की असा माणूस माझ्याकडे आहे, अमुक खोलीत आहे, त्याला घसा आहे, तो गोळी गिळतो. गुप्त कैदेत ठेवणाऱ्याला नेमकं हेच कबूल करायचं नसतं. अफवेर्कींनी 2009 मध्येच इथल्या एका वाहिनीच्या वार्ताहराला मुलाखतीत सांगून टाकलं होतं की ते दावितला सोडणारही नाहीत आणि त्याच्यावर खटलाही चालवणार नाहीत. म्हणजे मोठ्या मागणीचं उत्तर आलेलं होतं. लहान मागणीचं उत्तर मात्र आजवर एकदाही आलेलं नाही.

विद्यार्थी म्हणाला, "पण तुझ्या आईला उत्तर मिळालं." मिळालं. कारण तिच्याकडे पत्ता होता. तिचा शत्रू निदान आवक-जावक ठेवणारा होता.

पत्ता नसलेल्यांचं काय होतं, तेही आम्हाला 1977 मध्ये वर्तमानपत्रातून कळलं. केरळात कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या राजन नावाच्या मुलाला पोलिसांनी 1 मार्च 1976 ला उचललं होतं. त्याचे वडील ईच्चर वारियर हिंदीचे प्राध्यापक. वर्षभर ते दारोदार एकच विचारत फिरले, माझा मुलगा कुठे आहे. आणीबाणीत कोर्टाचा दरवाजाही बंद होता. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने सांगून टाकलं होतं की आणीबाणी असेपर्यंत स्थानबद्धाला हेबिअस कॉर्पस मागता येणार नाही. विरोधातलं एक मत न्यायमूर्ती हंसराज खन्नांचं. आणीबाणी उठल्यावर वारियरांनी उच्च न्यायालयात अर्ज केला. सरकारने आधी सांगितलं, असा कुणी आमच्या ताब्यात नव्हताच. कोर्टाने ते मानलं नाही, आणि महिनाभरापूर्वी मुख्यमंत्री झालेल्या करुणाकरनांना राजीनामा द्यावा लागला. राजनचं शव कधीच सापडलं नाही. नाना तोवर सुटून आले होते, झोपाळ्यावर बसून ती बातमी मोठ्याने वाचत होते. आई आतून म्हणाली, "पुरे." मग बाहेर आली आणि म्हणाली, "त्या बिचाऱ्यांनी गोळ्या पाठवायच्या तरी कुठे?"

दावितच्या बाजूने काही वकिलांनी 2011 मध्ये अस्माराच्या सर्वोच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. माणूस समोर आणा, इतकीच त्याची मागणी. उत्तर नाही.

आमच्या आईला आणखी एक गोष्ट पाठ होती, ती कऱ्हाडची. डिसेंबर 1975 च्या साहित्य संमेलनाला ती शेजारणीबरोबर गेली होती, खरं तर नानांची काही बातमी मिळते का ते बघायला. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. समोर यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. जयप्रकाश नारायण तेव्हा नुकते पॅरोलवर सुटलेले, कैदेतच त्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिलेला, मुंबईच्या जसलोक इस्पितळात ते होते. दुर्गाबाईंनी मांडवातल्या लोकांना जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं. आई सांगायची, क्षणभर कुणाला कळेना, उभं राहायचं की नाही. मग माणसं उठत गेली. आजारी माणूस बरा व्हावा याला कोण विरोध करणार? आणि उठलेल्या प्रत्येकाला मात्र ठाऊक होतं, आपण कशासाठी उठलोय. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंनाही अटक झाली. हे मी विद्यार्थ्याला इंग्रजी-स्वीडिशच्या धेडगुजरीत सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, "ठीक आहे, तुझा परिच्छेद ठेव." जणू काही मी त्याची परवानगी मागितली होती. पोरं!

ओरडायचं की हळू बोलायचं, हा वाद इथे वर्षानुवर्षं चालला. सरकारचं धोरण मूक मुत्सद्देगिरीचं: गाजावाजा केला तर तिकडचा माणूस आणखी ताठतो, म्हणून आतल्या आत बोलू. मोहिमेतल्या लोकांना ते पटत नसे. मला दोन्ही बाजू कळत, आणि वर्षं सरत गेली तशी पहिल्या बाजूबद्दलची माझी सहनशक्ती कमी होत गेली. मूक मुत्सद्देगिरीला निदान कुठलातरी परिणाम दाखवायला हवा होता. ग्रंथालयातल्या आमच्या प्रमुख बाई नव्या माणसाला नेहमी ब्राझीलच्या प्राध्यापकाची गोष्ट सांगायच्या. लुईझ बाझिलिओ रॉसी. 1973 मध्ये अॅम्नेस्टीने तातडीच्या पत्रांची पहिली हाक दिली ती त्यांच्यासाठी. पत्रं आली, आणि आत छळ सोसणाऱ्या त्या माणसाला ताब्यात ठेवणाऱ्यांना कळलं की बाहेर कुणीतरी मोजतंय. रॉसी जिवंत बाहेर आले. ही गोष्ट खरी आहे, आणि ती ऐकली की आमच्या खोलीत थोडी ऊब यायची. पण मी मनात म्हणायचे, ते सरकार निदान टपाल उघडत होतं.

आमच्या पत्रांना एकही उत्तर आलं नाही. इतक्या वर्षांत एकही नाही. आईच्या अर्जाची सवय झालेल्या मला हे फार जड गेलं.

एक सोडून. उत्तर म्हणता येईल का, माहीत नाही. 2012 चा हिवाळा असेल. टपालाबरोबर फॅक्सही करायची आमची पद्धत होती, आणि ते काम दुकान बंद झाल्यावर मी करत असे. अस्मारातल्या एका कार्यालयाचा नंबर फिरवायचा, बहुतेक वेळा घंटी वाजून वाजून थांबायची. त्या रात्री पाचव्यांदा फिरवला आणि पलीकडून फॅक्सच्या कर्कश शिटीऐवजी बाईचा आवाज आला. "हॅलो?" मागे कुठेतरी रेडिओ चालू होता. मी थिजले. माझ्या हातात दोन पानं, त्यातला तिसरा परिच्छेद मला तोंडपाठ. आणि मी काय म्हणाले? "फॅक्स टोन, प्लीज." ती म्हणाली, "वन मिनिट." शिटी वाजली, पानं सरकली, पावती निघाली: पानं 2, निकाल ओके. मी विचारू शकले असते. कसा आहे तो? एवढंच. तिने फोन ठेवून दिला असता, किंवा तिला खरंच काही माहीत नसतं, किंवा तिलाच त्रास झाला असता. हे सगळं मी नंतर स्वतःला समजावलं. ती पावती थर्मल कागदावरची, दोन वर्षांत पांढरी पडली.

गणपतीत एकदा मी सह्यांचा कागद घेऊन आपल्या मंडळींच्यात गेले. इथे मोटारींच्या कारखान्यामुळे पुण्याची पोरं खूप. आरती झाली, उकडीचे मोदक संपले, आणि मी कागद काढला तसं माझ्याभोवती हळूच रिंगण मोकळं झालं. एक जण म्हणाला, "काकू, आमचा व्हिसा अजून वर्क परमिटवर आहे हो." दुसऱ्याने विचारलं, "हा आपला आहे का कुणी?" मला राग आला, आणि लगेच लाजही वाटली, कारण दूधवाला आठवला. तरी चौदा सह्या मिळाल्या. त्यातली एक एका आजोबांची, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "मिसासारखंच का?" मी म्हटलं, मिसापेक्षा वाईट. त्यांनी सहीखाली तारीखही घातली.

सगळ्यात कमी सह्या मिळायच्या त्या एरिट्रियन लोकांच्या. शहरात ते हजारोंनी आहेत. पण तिकडे घरची माणसं आहेत, आणि परदेशातल्या नागरिकाने दोन टक्के कर भरला नाही तर वकिलातीतून साधा कागद मिळणं मुश्किल. आमच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला एक म्हातारे गृहस्थ यायचे. ग्रंथालयातही दिसायचे, आम्ही पत्रं लिहीत असू तेव्हा पलीकडच्या टेबलावर वर्तमानपत्र घेऊन बसलेले. दोन वर्षं त्यांनी माझ्याकडे ओळख दाखवली नाही. मग एका दुपारी दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून पिशवी उचलता उचलता म्हणाले, "सेतित म्हणजे काय, माहीत आहे? नदी. सीमेवरची." मी मान हलवली. ते दारापर्यंत गेले आणि परत आले. "इन्सुलिन बाहेर किती दिवस टिकतं?"

त्यांना मधुमेह नव्हता. त्यांचा सगळा इतिहास माझ्या पडद्यावर होता.

मी म्हटलं, साध्या खोलीत चार आठवडे. तीस अंशांच्या वर गेलं की त्याचा भरवसा नाही. ते म्हणाले, "तिकडे तीसच्या खूप वर असतं," आणि गेले. 2010 मध्ये पळून आलेल्या एका माजी पहारेकऱ्याने एराएरो नावाच्या तुरुंगाचं वर्णन केलं होतं: निर्जन डोंगराळ भाग, भाजून काढणारी उष्णता, हातात बेड्या, आत मेलेले कित्येक. ते वर्णन मी वाचलेलं होतं आणि तरी, फार्मासिस्ट असून, थंड जागेचा मुद्दा मला सुचला नव्हता. पुढच्या महिन्यापासून तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य वाढलं: औषध थंड जागी ठेवण्याची सोय असावी. त्या गृहस्थांनी कागदावर सही कधीच केली नाही.

दावितचं लेखन 2010 मध्ये स्वीडिशमध्ये पुस्तकरूपाने आलं. 'आशा' अशा अर्थाचं त्याचं नाव. ते घेऊन मी वाचत बसले तेव्हा मला पहिल्यांदा त्याचा आवाज कळला. तोवर तो माझ्यासाठी एक न लिहिलेली औषधचिठ्ठी होता, हे कबूल करायला हवं. 2017 मध्ये युनेस्कोचा गिलेर्मो कानो पुरस्कार त्याला मिळाला, जाकार्तात त्याच्या मुलीने, बेतलेहेमने, तो घेतला. त्याच्या आदल्या वर्षी एरिट्रियाचे परराष्ट्रमंत्री उस्मान सालेह यांनी फ्रेंच रेडिओला सांगितलं होतं की हे सगळे कैदी जिवंत आहेत. त्या दिवशी आमच्या खोलीत कुणीतरी केक आणला. मला केक गिळेना. जिवंत आहे हे ज्याला ठाऊक, त्याला साखर किती हेही ठाऊक असणार. मी घरी येऊन परिच्छेद पुन्हा लिहिला, जरा कडक शब्दांत, मग 'महामहिम' वर आहे हे आठवून पुन्हा मऊ केला.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या पेटीतून अर्जाची कार्बन प्रत आणि ती पोच मी इकडे आणली. ग्रंथालयातला मंगळवार अजून आहे, माणसं बदललीत. तो गरम डोक्याचा विद्यार्थी आता दोन मुलांचा बाप आहे आणि पहिला परिच्छेद त्याच्याकडे असतो. वंदनाचा. चांगला लिहितो.

तिसरा अजून माझ्याकडेच. तो वर्षागणिक लांबत गेलाय, कारण आत गेला तेव्हा दावित छत्तीसचा होता आणि आता त्याने साठी ओलांडली असणार. या वयाच्या मधुमेह्याला मूत्रपिंडाची तपासणी लागते, पायांची लागते, डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा बघावा लागतो. हे सगळं क्रमाने लिहून झालं. मग गेल्या मंगळवारी माझा स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवून मी शोधत होते, तेव्हा लक्षात आलं की पंचेचाळिशीनंतर बहुतेकांना जवळचं वाचायला चष्मा लागतो, आणि हे गेल्या पंधरा वर्षांत आपण एकदाही मागितलेलं नाही. मी ओळ घातली: 'वाचनाचा चष्मा मिळावा.' नव्या मुलीने विचारलं, पण त्याला वाचायला काही देत असतील का? मी म्हटलं, ते विचारायला लागेल, म्हणूनच. आणि त्याखाली लिहिलं, 'पोचल्याची पोच मिळावी.'